स्पिटफायरचं पुढचं चाक कलतंय, सीटचा भुगा झालाय : आधी काय उघडायचं?

नमस्कार भाऊ,

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. मामांची १९६८ सालची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३ (इंग्लंडची दोन सीटची उघडी गाडी) दारव्ह्याकडच्या वाड्यात गोठ्याला लागून पंचवीसेक वर्षं उभी होती. इंजिन हाताने फिरतंय, पण पुढचं डावं चाक कललेलं दिसतं आणि मागचं बूड बसलंय. सीटचा फोम भुगा झालाय आणि दारांच्या आतल्या पाट्या उधईने खाल्ल्यात. तालुक्याचे ट्रॅक्टर मिस्त्री म्हणतात, "काहून एवढी कटकट करता जी, मारुतीची असेंब्ली बसवून देतो." तुमचा बेत असा, की सस्पेन्शन त्यांच्याकडे द्यायचं, सीट त्याच वेळी नागपूरला कुशनवाल्याकडे पाठवायच्या, म्हणजे दिवाळीपर्यंत दोन्ही कामं एकदम हातावेगळी होतील. आणि शेवटी विचारलंय, की बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या नळीसारख्या गाद्या) रबराचे घ्यावेत की पॉलियुरेथेनचे?

बुशचं उत्तर देतोच. पण तुमची खरी अडचण बुश नाही. ही दोन कामं तुम्ही दोन ठिकाणी, दोन स्वतंत्र कामं म्हणून धरलीत, अडचण तिथे आहे. या गाडीत सस्पेन्शनचे शेवटचे बोल्ट सीट बसल्यावर आवळायचे असतात, आणि सीटची उंची गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिल्याशिवाय ठरत नाही. शिवाय जुनं काय ठेवायचं आणि काय फेकायचं, याचा नियम दोन्हीकडे उलटा आहे. चाकाशी निगडित कुठलीही गोष्ट मनात शंका आली की बदलायची. आतल्या सामानात दुरुस्त होण्यासारखं जे जे असेल ते जिवापाड जपायचं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. सीटला नवं चकचकीत रेक्झिन लावतात आणि खाली जुन्याच बुशला रंग मारतात.

मी वर्धा जिल्ह्यात २६ वर्षं गॅरेज चालवतो. पोट ट्रॅक्टर आणि जीपवर चालतं. मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेरल्ड पाच केल्या, स्पिटफायर दोन. हेरल्डचं नाव मुद्दाम घेतोय. १९५९ मध्ये इंग्लंडात हेरल्ड आली आणि तिचीच चासी आखूड करून १९६२ मध्ये स्पिटफायर काढली. त्यामुळे पुढच्या सस्पेन्शनचे बरेच भाग एकाच घराण्याचे आहेत. चेन्नईच्या पुदुपेटमध्ये किंवा मुंबईत कुर्ल्याला जुन्या हेरल्डचं सामान अधूनमधून निघतं. फक्त जुना भाग हातात धरून माप जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका. सालागणिक बारीक फरक आहेत.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. गाडी वर्षातून चार वेळा प्रदर्शनाला न्यायची, की दर रविवारी दारव्हा-यवतमाळ करायची? वाड्यात पक्की शेड आहे, की पावसाळ्यात ताडपत्रीच? खालचा पत्रा किती कुजलाय? हे तुम्ही लिहिलं नाही, म्हणून जिथे उत्तर बदलेल तिथे तसं सांगतो.

आता चाक. गाडी घोडीवर, म्हणजे उचलून टेकवायच्या स्टँडवर, घ्या. चाक वर-खाली दोन्ही हातांनी धरून हलवा आणि दुसऱ्या माणसाला टॉर्च घेऊन आत बघायला सांगा. खालच्या बाजूला हालचाल दिसली तर ट्रुनियन, वर दिसली तर बॉल जॉइंट, आणि आतलं काही न हलता नुसतं चाकच डुगडुगलं तर बेअरिंग. तुमच्या चाकाचं कलणं बघता मला खालचीच शंका आहे.

हे ट्रुनियन नीट समजून घ्या, कारण या गाडीत जिवाशी गाठ कुठे असेल तर ती इथे आहे. पुढचं चाक ज्या उभ्या लोखंडी दांड्यावर असतं, त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात. ते आटे पितळेच्या एका ठोकळ्यात फिरतात. तो ठोकळा म्हणजे ट्रुनियन. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो, म्हणजे आटे हेच इथलं बेअरिंग. कंपनीने त्यात गिअर ऑइल भरायला सांगितलंय, आपण ज्याला नव्वद नंबर म्हणतो ते. ग्रीस नाही. ग्रीस आट्यांच्या फटीत उतरत नाही. ते तोंडाशीच बसून राहतं, सुकतं, आणि त्याच्यामागे शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही.

हे मी शिकलो ते नुकसान करून शिकलो. माझ्या हातची पहिली हेरल्ड. ट्रॅक्टरचीच ग्रीसगन घेतली आणि चारी बाजूंनी ग्रीस मारून गाडी दिली. चौदा महिन्यांनी मालक ती गॅरेजवर घेऊन आले. फाटकातून वळताना स्टिअरिंग पूर्ण वळलेलं होतं, गाडी माणूस चालतो त्या वेगाने येत होती. कट्ट असा आवाज झाला आणि डावं चाक मुरगळलेल्या पायासारखं मडगार्डखाली आडवं झालं. मालकांचा मुलगा शेजारी बसला होता. कुणालाही लागलं नाही. पण तेच पाच मिनिटं आधी हायवेवर झालं असतं तर, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही. ट्रुनियन उघडलं तेव्हा आत ग्रीसची करडी, साबणासारखी कडक वडी होती. तिच्याखालचे आटे कोरडे आणि तांबडे. दांडा पितळेच्या ओठापाशी गंजला होता आणि तिथेच मोडला होता. मोडलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळा होता, म्हणजे तडा जुना. उरलेला अर्धा ताजा, चांदीसारखा. तो तुकडा मी माझ्या टेबलावर ठेवलाय, आणि नव्या पोराला कामाला घेतलं की आधी तो हातात देतो.

म्हणून तुमच्या गाडीची दोन्ही ट्रुनियन नवी घ्या. वाद नको. उभे दांडे जमल्यास नवे घ्या. नाहीच जमलं तर निदान तपासून घ्या. आमच्याकडची जुनी रीत म्हणजे दांडा साफ करून रात्रभर रॉकेलमध्ये ठेवायचा, कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड फासायची. तडा असेल तर आतलं रॉकेल पाझरून पांढऱ्यावर केसासारखी काळी रेघ उमटते. ही रीत मोठा तडा पकडते, बारीक सोडते. त्यासाठी लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरचे स्प्रे डबे मिळतात. नागपूरला हिंगणा एमआयडीसीत वेल्डिंग तपासणारे ते रोज वापरतात, तासाभराचं काम आहे. आट्यांच्या वरच्या कडेला गंजाचे खड्डे दिसत असतील, तर तपासायलाही जाऊ नका. तो दांडा बाद.

बसवताना एक गफलत सर्रास होते. डाव्या बाजूचे आटे उलटे आहेत, उजवीकडचे सुलटे. चुकीचं ट्रुनियन चुकीच्या बाजूला जोर लावून चढवलं की दोन्ही गेले. हाताने पूर्ण आत फिरवा, मग एका फेऱ्याच्या आत उलट घ्या, आणि चाक दोन्हीकडे पूर्ण वळतंय ना ते बघा. ग्रीसगन स्वच्छ धुऊन तिच्यातच नव्वद नंबर भरायचं, आणि वरच्या सीलमधून तेल ओलसर दिसेपर्यंत पंप करायचं. माझ्या हातच्या गाड्यांना मी हे पावसाळ्याच्या आधी, पावसाळ्यानंतर आणि मध्ये एकदा करायला लावतो. तेल थोडं गळतं. गळू द्या, ते गळतं म्हणजे आत पोचतंय.

पुढची स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते. ती दाबलेली स्प्रिंग साखळीने किंवा बाइंडिंग तारेने बांधून उघडायची सवय आपल्याकडे आहे. कृपा करून तसं करू देऊ नका. दोन बाजूंनी धरणारे कॉम्प्रेसर आणा, समोर तोंड नेऊ नका. शॉकअप बदलायचे तर जोडीनेच.

आता बुश. पॉलियुरेथेन टिकतं, तेलाने फुगत नाही, गाडी चपळ वाटते, हे सगळं खरं. पण आपला मुलूख काळ्या मातीचा. ती पिठासारखी धूळ बुश आणि नळीच्या मधल्या ग्रीसला चिकटते आणि पॉलिशपेपरसारखं काम करते. दोन उन्हाळ्यांत करकर सुरू होते, आणि मऊ बांध्याच्या गाडीला दणके थेट चासीत जातात. म्हणून विशबोनला (चाक चासीला जोडणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या आडव्या हातांना) मी रबरी बुशच घालतो. स्टिअरिंग रॅकच्या पकडीला आणि अँटिरोल बारला (वळणात गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याला) पॉली चालतं, तिथे फायदाही दिसतो. गाडी फक्त प्रदर्शनाला ट्रकवरून जाणार असेल तर काहीही घाला, फरक पडणार नाही. लेथवाले नायलॉनचे बुश करून देतो म्हणतील. ट्रुनियनमधले बुश मुळातच नायलॉनचे असतात, तिथे माप काटेकोर असेल तर हरकत नाही. विशबोनमध्ये नको. तिथे रबराला पीळ खायचा असतो, नायलॉन पीळ खात नाही.

आणि याच पिळामुळे मी सुरुवातीला ते शेवटच्या बोल्टचं बोललो. रबरी बुशची मधली नळी बोल्टने आवळली की तिथेच धरली जाते, मग विशबोनची सगळी हालचाल रबराच्या पिळातून होते. गाडी घोडीवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली घेतल्याबरोबर सगळे बुश कायमचे पिळलेले राहतात. गाडी उंच उभी राहते, आणि बुश वर्षभरात फाटतात. म्हणून घोडीवर नट नुसते बसतील एवढेच लावायचे. गाडी चाकांवर घ्यायची, हाताने चार-सहा वेळा दाबून सोडायची, पुढे-मागे ढकलायची, आत दोन माणसांचं वजन ठेवायचं आणि मग खाली झोपून आवळायचं. मी प्रत्येक सीटच्या जागी सिमेंटचं एक पन्नास किलोचं पोतं आणि वर अर्धं ठेवतो. सीट, जाजम (नुसतं अंथरलेलं), हूड म्हणजे कापडी छप्पर, स्टेपनी, अर्धी टाकी पेट्रोल हे सगळंही जागेवर असलं पाहिजे. जेमतेम सातशे किलोच्या गाडीत पन्नास किलोने उंची बदलते.

मागची बाजू. तिथे एकच आडवा पाटा (पोलादी पानांची स्प्रिंग) आहे, डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याच्या, डोक्यावर बसवलेला, आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाकं. मागचा शॉकअप इथे चाकाला खाली लोंबकळण्यापासून अडवतो. त्यामुळे शॉकअपचा खालचा बोल्ट काढण्याआधी चाकाच्या दांड्याखाली जॅक द्या, नाहीतर सगळं एकदम खाली येईल.

बूड बसलंय म्हणजे पाट्याची कमान गेली. हायवेवरचे ट्रकचे पाटेवाले घणाने ठोकून कमान देतात, तशी दिलेली कमान या पातळ पाट्यात टिकत नाही. आणि कुणी भट्टीत लाल करून वाकवतो म्हणाला तर सरळ नको म्हणा, त्याने पोलादाचा ताव जातो. आधी पाटे सुटे करून बघा. पानांच्या टोकांमध्ये रबराच्या गोल गोट्या असतात. त्या झिजून पान पानावर घासत असेल, तर नुसत्या गोट्या बदलून आणि पानं साफ करून बरंच काम होतं. तरीही बसलेलाच राहिला तर नवा पाटा.

मार्क ३ चा मागचा भाग सरळ स्वभावाचा नाही, हेही सांगून ठेवतो. वळणात जोरात जाऊन मध्येच पाय उचलला किंवा ब्रेक मारला की बूड उचलतं, मागची चाकं आत दुमडल्यासारखी होतात आणि गाडी गर्रकन फिरते. कंपनीने १९७० च्या मार्क ४ मध्ये पाटा बदलून हा दोष बराच कमी केला. तो पाटा मार्क ३ वर बोल्टने बसतो, पण मग पुढचा अँटिरोल बारही त्याच्या जोडीचा जाड लागतो. एक केलं आणि दुसरं सोडलं तर तोल बिघडतो. काळ्या मातीवरचे आपले रस्ते पावसाळ्यानंतर लाटांसारखे होतात, आणि वळणात अशी लाट आली की बूड उचलतंच. रोज चालवणार असाल तर हा बदल करा. नाहीतर मूळचं ठेवा आणि वळणाआधी वेग कमी करा.

मारुतीच्या असेंब्लीबद्दल. मिस्त्रींच्या हाताबद्दल मला शंका नाही, जुगाड ते उत्तम करतील. पण त्यासाठी चासीचा पुढचा भाग कापावा लागेल. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल केलेला नसला पाहिजे. तुमची गाडी त्या वयाची आहे. कापल्यावर ती वाट बंद. मिस्त्रींना हे समजावून सांगा, आणि त्यांच्याकडूनच मूळ सस्पेन्शन बसवून घ्या. ट्रॅक्टरवाल्याला आट्यांची आणि बुशची जाण असते.

आता आतलं काम, जिथे माझा नियम उलटा होतो. जाजम आणि खालचं तागाचं नमदं उचला. ते ओल धरून ठेवतं, त्यामुळे खाली पत्रा चाळणीसारखा असू शकतो. नमदं फेका, पण पत्रा कापण्याआधी लक्षात घ्या, की स्पिटफायरला दाराखालच्या पेट्यांचा आधार असतो. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर बॉडी मधून वाकते आणि दारं पुन्हा कधी लागत नाहीत. दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकून एका वेळी एकच बाजू.

सीट नागपूरला पाठवायच्याच असतील तर आधी हे घरी करा. जुनं कव्हर ब्लेडने फाडू नका, शिवण उसवा. प्रत्येक तुकड्याच्या मागे पेनाने नंबर आणि बाण काढा. तेच तुमचे कापायचे नमुने. पंचवीस वर्षांत जे आकसलं त्याला सावकाश सरळ करा, ताणू नका. माझ्याकडे एका गाडीच्या सीट फाडून नेलेल्या आल्या होत्या. कारागिराने अंदाजाने कव्हर केलं, दिसायला सुंदर, पण मूळच्या नळीदार पट्ट्या रुंद झाल्या आणि गाडी कुणा दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखी दिसायची. मालकिणीने पाहिल्याबरोबर ओळखलं. लहानपणी त्या पट्ट्यांवर तिने बोटं फिरवली होती.

खालचा लोखंडी सांगाडा गंज काढून रंगवा. त्यावर ताणलेला रबरी पडदा कडक झाला असेल तर नवा लागेल. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या विणून देतात, पण आपल्या ४५ अंशांत त्या दोन वर्षांत सैल पडतात. फोम विकत घेताना डेन्सिटी विचारा. बैठकीला ४०, पाठीला ३२ मला बरी वाटते. जाडी मूळच्यापेक्षा वाढवू नका. एक इंच जाड फोम म्हणजे गुडघा स्टिअरिंगला आणि डोकं हुडाच्या कमानीला. पहिला फोम जुन्या चादरीत गुंडाळून सीटवर ठेवा, गाडी चाकांवर असताना तासभर बसून बघा, मग कापा. आणि आपल्याकडे कापूस मुबलक म्हणून कुशनवाला कापूस भरू म्हणाला, तरी नको. ओल धरतो आणि उंदरांना आयतं बाळंतपणाचं घर मिळतं.

रेक्झिनच लावा, चामडं नको. या गाडीच्या सीट बहुतेक रेक्झिनच्याच असत, आणि उघड्या गाडीत विदर्भाचं ऊन चामड्याला चार वर्षांत तडकवतं. चढवण्याआधी रेक्झिन दहा मिनिटं उन्हात ठेवा, मऊ होऊन सुरकुती न पडता बसतं. चिकटवायला पंक्चरचं सोल्यूशन वापरू देऊ नका, मे महिन्यात कडा उलगडतात. उष्णता सोसणारं गोंद मागा.

दारांच्या पाट्या तीन मिलिमीटर मरीन प्लायच्या करा, कडांना आणि प्रत्येक भोकाला उधईचं औषध आणि वॉर्निश. उधईने जुन्या पाटीचा एक कोपरा जरी शिल्लक ठेवला असेल तरी तो जपा, भोकांची जागा त्यावरून सापडते. मागे जाड प्लॅस्टिक लावायला विसरू नका, काचेवरून उतरणारं पाणी दारात जातंच. मीटरच्या फळीवरचा लाकडी पापुद्रा उचलला असेल तर गोंद आणि वजन देऊन बसवा. आलापल्लीचं सागवान कितीही सुंदर असलं तरी त्याची नवी फळी करू नका. वाकडा का असेना, मूळचा पापुद्रा हवा. हूड मात्र नवा घ्या, आणि तो मे महिन्यात बसवू नका. तापलेलं कापड ताणून बसवलं की डिसेंबरात आकसून बटणं उपटतं. दिवाळीच्या आसपासची हवा बरोबर.

म्हणजे क्रम असा बसतो. सस्पेन्शन सैल जोडा, गाडी चाकांवर घ्या, पत्र्याचं काम करा, सीट आणि पाट्या बसवा, वजन ठेवून बोल्ट आवळा, चाकांचं अलाइनमेंट करा, आणि सगळ्यात शेवटी जाजम चिकटवा. टायरची चिंता नको, १३ इंची १४५ चे टायर आजच्या छोट्या गाड्यांचे मिळतात. दिवाळीचा हट्ट सोडलात तर संक्रांतीपर्यंत नीट होईल.

एक गोष्ट आजच सांगतो, कारण तुम्ही शेवटी सहज लिहिलंत, की रविवारी गाडी ट्रॅक्टरला बांधून तालुक्याला ओढत नेणार आहात. तसं करू नका. पंचवीस वर्षं कोरड्या ट्रुनियनवर, वाड्यासमोरच्या त्या चढावर, पहिल्याच वळणाला डावं चाक माझ्या टेबलावरच्या तुकड्यासारखं मोडू शकतं, आणि स्टिअरिंगवर तर तुमचा पुतण्या बसणार आहे. सपाट ट्रॉली आणा, चाकं सरळ ठेवून फळ्यांवरून हळूच वर ढकला, चारी बाजूंनी पट्टे चासीला बांधा, विशबोनला नाही. आणि डावं ट्रुनियन उघडलं, की पुसण्याआधी आतला फोटो पाठवा.